निंबवाडीच्या पाण्याचा रंग

सटवाजी सोनकांबळे यांना वीरभद्र बिराजदार किती ओळखत होता, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एवढंच निघेल: तीन वर्षं आणि दोन खोल्या. त्यांना मुलं किती, हे वीरभद्रला ठाऊक नव्हतं. त्यांचं घर त्याने कधी पाहिलं नाही. त्यांची जन्मतारीख सर्व्हिस बुकात होती, पण ती शाळेच्या मास्तरांनी अंदाजाने घातलेली, असं ते स्वतःच हसून सांगायचे. एवढ्या भांडवलावर एखाद्या माणसाबद्दल लिहायला बसावं का, हा प्रश्नच आहे. पण ज्यांना ते जास्त ठाऊक होते त्यांच्यापैकी कुणी लिहील असं दिसत नाही, आणि निंबवाडीच्या विहिरीची हकीगत तर त्या दोघांशिवाय पुरती कुणालाच माहीत नाही.

वीरभद्र रुजू झाला तेव्हा लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती. जिल्हा नवा, पण ऑफिसातलं लाकूड जुनं. खुर्च्यांच्या पाठीवर अजून उस्मानाबादचे नंबर रंगवलेले होते. पाणी तपासायची प्रयोगशाळा भाड्याच्या दोन खोल्यांत थाटलेली. पुढच्या खोलीत टेबल, टाइपरायटर, रजिस्टरं. मागच्या खोलीत काचेचं सामान. मागची खिडकी टांगा स्टँडवर उघडायची. वीरभद्र निलंग्याकडच्या लिंगायत घरातला, बी.एस्सी. झालेला, चोवीस वर्षांचा केमिस्ट. सटवाजी पन्नाशीला टेकलेले, हुद्दा प्रयोगशाळा परिचर. कागदावर त्यांचं काम बाटल्या धुण्याचं. पहिल्याच दिवशी त्यांनी वीरभद्रला सांगितलं, "साहेब, ती खिडकी उघडू नका. घोड्याच्या मुताची वाफ आत येती. आपलं औषध पिवळं पडंल."

वीरभद्रला ते पटलं नाही. त्याने खिडकी उघडली. दुपारपर्यंत उघड्या बाटलीतलं औषध खरंच पिवळसर झालं. सटवाजींनी खिडकीच्या फटींत गोणपाट ठोकलं आणि नवं औषध करायला घेतलं.

ते औषध म्हणजे नेसलरचा द्राव, पाऱ्याच्या एका लाल संयुगापासून केलेला. पाण्यात अमोनिया असला, म्हणजे बहुतेक वेळा कुठून तरी मैलामूत्र झिरपत असलं, की या द्रावाचे थेंब टाकताच पाणी पिवळं होतं. जास्त असला तर विटकरी. तो द्राव करताना सटवाजींकडे पाहत राहावं असं वाटायचं. एका भांड्यात आयोडाइडचं पाणी, त्यात रसकापुराचं, म्हणजे पाऱ्याच्या एका विषारी मिठाचं, पाणी थेंबाथेंबाने सोडायचं. पहिला थेंब पडला की कुंकवासारखा लाल साका उठे, हलवला की नाहीसा होई. पुन्हा थेंब, पुन्हा लाल, पुन्हा नाहीसा. शेवटी एक थेंब असा येई की त्याचा लाल जातच नसे. "इथं थांबायचं," ते म्हणत. मग दाहक पोटॅश घालून बाटली दोन दिवस अंधारात ठेवायची. वरचं नितळ तेवढं घ्यायचं. वापरून झालेला द्राव ते मोरीत कधी ओतत नसत. चिनी मातीच्या एका बरणीत साठवत आणि बरणीवर खडूने लिहीत: विष.

हे सगळं ते नांदेडला शिकले होते. मूळ गाव नायगावकडचं. छप्पन्न साली त्यांचं घर बौद्ध झालं तेव्हा ते विशीत होते. सातवीची परीक्षा त्यानंतर दिली. पुढे नांदेडच्या एका कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत हरकाम्या म्हणून लागले. तिथल्या एका प्राध्यापकांना बोलता बोलता शिकवायची सवय होती, आणि वर्गातल्या मुलांपेक्षा सटवाजीच जास्त ऐकत. पाऱ्याबद्दल त्यांना मनापासून आदर होता, थोडी भीतीही. "लई कामाचा अन् लई वंगाळ," ते म्हणायचे. वनस्पतीच्या वाळवलेल्या पानांना कीड लागू नये म्हणून रसकापूर. साखर कारखान्याच्या पट्ट्यात उसाचं बेणं लावण्याआधी बुडवायचं पाणी, तेही पाऱ्याचं. पूर्वी सुरुंगाच्या टोपीत पाऱ्याचीच दारू असायची. "म्हंजे बघा साहेब, हीर फोडायला बी पारा अन् हिरीचं पाणी तपासायला बी पारा."

बियाण्याचा विषय निघाला की मात्र ते जरा थांबत. बहात्तरच्या दुष्काळात कुठून तरी गावात बियाण्याच्या ज्वारीचं पोतं आलं होतं. दाण्यांना बुरशी लागू नये म्हणून पाऱ्याची भुकटी चोळलेली. त्यांची चुलती धोंडाबाई हिने ती ज्वारी सात पाण्यांनी धुतली आणि वाळत घातली. संध्याकाळी दळायची होती. सटवाजी त्या दिवशी नांदेडहून गावी गेलेले. त्यांनी दाणे पाहिले, हुंगले, आणि कुणाला न विचारता सगळे माळावर नेऊन कंबरभर खड्ड्यात पुरले. घरात दुसरा दाणा नव्हता. चुलती वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. नंतर बोलायला लागली तीही टोमण्यानेच: "आमचा सटवा जवारी पेरतो, पर कुठं? खड्ड्यात!" हे सांगताना सटवाजी स्वतःच खूप हसत. पण त्या घरातलं कुणी आजारी पडलं नाही, हे ते कधी पुढे जोडत नसत. ते ऐकणाऱ्याने समजायचं.

शहाऐंशीचा उन्हाळा आला तो आधीच्या साली पाऊस न झाल्यावर. औशाच्या पलीकडे, आडरस्त्याला निंबवाडी नावाचं दीडशे उंबऱ्यांचं गाव होतं. गावची सार्वजनिक विहीर फाल्गुनातच तळाला गेली. बौद्ध वस्तीची विहीर तर त्याच्याही आधी आटलेली. पाणी राहिलं एकट्या ग्यानोबाच्या मळ्यातल्या विहिरीला. ग्यानोबा गावातला मोठा शेतकरी, बोलायला कमी. त्याने एका सकाळी रहाटाला दुसरा दोर बांधला आणि सगळ्या गावाला, वस्तीसकट, पाणी न्यायला सांगितलं. निंबवाडीत असं पूर्वी कधी झालं नव्हतं. त्याचा चुलतभाऊ रामकिशन चिडला. "आज दोर दिला, उद्या रहाट मागतील," तो म्हणाला. ग्यानोबाने दोर बांधला होता तसाच ठेवला. मग सगळं गाव एकाच विहिरीवर आलंय म्हणून ग्रामसेवकाने नियमाप्रमाणे पाण्याची बाटली भरून लातूरला आणून दिली.

त्या पाण्यात वीरभद्रने नेसलरचे थेंब टाकले आणि नळीतलं पाणी विटकरी झालं. नुसतं पिवळं नव्हे, विटकरी. त्याने अहवाल टाइप केला: पाण्यात घाण मिसळत असल्याचे दिसते, पिण्यास अयोग्य, विहीर बंद करावी. सही केली. औसा तहसीलचं टपाल चारला निघायचं. कागद टपालात टाकायला सटवाजींकडे दिला.

साडेतीनला त्याने सहज विचारलं, "सोनकांबळे, निंबवाडीचा कागद गेला का?"

"न्हाई साहेब."

"चारला टपाल निघतं."

"हाव, निघतं की."

"मग?"

"कागद माझ्या खिशात हाय."

वीरभद्रला आधी ही थट्टाच वाटली. सटवाजी कामात कधी थट्टा करत नसत, हे आठवल्यावर तो उठून उभा राहिला. "तुम्हाला कळतंय का काय करताय ते?"

"कळतंय. तुम्ही जरा हिकडं या." त्यांनी मागच्या खोलीत नेऊन बाटली उजेडाला धरली. "गेल्या सालाला आपण नालीचं पाणी तपासलं हुतं. त्याला तरी एवढा रंग आला हुता का?"

"नव्हता."

"नायट्राइट किती आलं ह्याला?"

"नाही आलं."

"क्लोराइड?"

"वाढलंय थोडं. पण दुष्काळात आटलेल्या विहिरीला तेवढं असतंच."

"घाण आली अन् तिची भावंडं कुणीच न्हाई आली? एकटीच आली?" सटवाजी म्हणाले. "अन् बुडाला बघा." बाटलीच्या तळाशी राखाडी कण होते, चमकणारे, माशाच्या खवल्यासारखे बारीक.

"काय आहे ते?"

"म्हाईत न्हाई. म्हणून तर म्हणून राहिलो, म्हाईत न्हाई असं लिहा."

वीरभद्र चिडला. "असं लिहिता येत नाही. आणि समजा पाणी खरंच वाईट निघालं, कागद मी अडवला आणि गावातलं एखादं मूल दगावलं, तर? कुणाच्या मानेवर येईल?"

"खरं हाय," सटवाजी म्हणाले. ते खरंच विचारात पडले. मग म्हणाले, "तहसीलला फोन करा. पाणी उकळून प्या, उद्या पुन्हा तपासतो, असं सांगा. पर घाण लिहू नका साहेब. त्यो शब्द एकदा गावात गेला की वापस येत न्हाई." मग त्यांनी विचारलं, "त्या हिरीवर चैतापासून कोण कोण भरून राहिलंय, ऐकलंय का तुम्ही?"

वीरभद्रने ऐकलं होतं. ग्रामसेवकाने बाटली देतानाच सांगितलं होतं, जरा आवाज उतरवून. त्याच्या स्वतःच्या गावातही दोन विहिरी होत्या आणि त्या दोन का आहेत, हे त्याने लहानपणापासून कधी कुणाला विचारलं नव्हतं. आत्ता त्याला कळलं, त्याने टाइप केलेला तो एक शब्द निंबवाडीत कुणाच्या अंगावर जाऊन पडणार होता. विहीर बंद झाली असती ती पाण्याच्या नावाखाली. पुन्हा उघडली असती ती मात्र सगळ्यांसाठी नव्हे. त्याचे कान तापले. सटवाजींच्या तोंडावर राग शोधावा म्हटलं तर तो दिसेना. ते बाटलीच्या तळाकडेच बघत होते.

त्याने तहसीलला फोन केला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने दोघं निघाले. सटवाजींच्या मांडीवर लाकडी पेटी. तिच्यात नळ्या, द्राव आणि वाफ धरून केलेल्या शुद्ध, म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्याच्या दोन बाटल्या. फाट्यावर उतरून दीड कोस चालले. मळ्यात पोचले तेव्हा विहिरीभोवती बायांची रांग होती. पाणी उकळून प्यायचा निरोप आदल्या संध्याकाळीच पोचला होता, आणि त्याच्याबरोबर काय काय पोचलं होतं हेही लगेच कळलं. रामकिशन कठड्यावर बसलेला.

"या साहेब," तो वीरभद्रला म्हणाला. सटवाजींना त्याने काही म्हटलं नाही. "सगळ्या गावाच्या घागरी एका पाण्यात बुडल्यावर दुसरं काय व्हायचं! आम्ही आधीच बोललो हुतो."

वस्तीतली गुणाबाई तिच्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या हंड्याला धरून तशीच उभी राहिली. पुढेही सरकेना, मागेही जाईना. ग्यानोबा रहाटाजवळ उभा होता. त्याचा हात दुसऱ्या दोरावर होता. तो दोर सोडवून काढून घेतो की काय, असं वीरभद्रला क्षणभर वाटलं.

सटवाजींनी धुतलेली बाटली सुतळीला बांधली, खाली दगड अडकवला आणि सरळ विहिरीत सोडली. मध्ये घागर नाही, पोहरा नाही. बाटली वर आली. एका नळीत त्यांनी विहिरीचं पाणी घेतलं, दुसरीत पेटीतलं. इकडचं पाणी जड असतं म्हणून आधी एका मिठाचे थेंब टाकले, मग दोन्हींत नेसलरचे. आणि मग त्यांनी एक गोष्ट केली जी वीरभद्रला सुचली नसती. दोन्ही नळ्या रामकिशनच्या हातात दिल्या.

"धरा दादा. पांढऱ्या धोतरावर धरून बघा. तुमचे डोळे चांगले हायेत. कोणती नळी पिवळी?"

रामकिशनने एकदा या नळीकडे, एकदा त्या नळीकडे पाहिलं. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

"सांगा की."

"दोन्ही सारख्याच हायेत," तो शेवटी म्हणाला. "पांढऱ्या." मग लगेच, "मंग काल पाणी वंगाळ कसं निघालं? तुमच्याच ऑफिसातून निरोप आला ना?"

"त्येच इचारायला आलोय." सटवाजी वळले. "ताई, ते सरकारी बाटलीत पाणी कशानं भरलं हुतं?"

प्रश्न ग्यानोबाची बायको सरजाबाई हिला होता. ती लगबगीने मळ्यातल्या खोपीत गेली आणि एक पितळी चरवी घेऊन आली. आतून ती आरशासारखी चमकत होती.

"हिनं भरलं," ती कौतुकाने म्हणाली. "त्याच दिवशी गावात कल्हईवाला आला हुता. म्हटलं, पाणी लातूरला जाऊन राहिलं, साहेबाच्या टेबलावर बसंल. कळकट भांड्यातनं कसं पाठवावं? दिवाळीला करायची कल्हई तवाच करून घेतली."

"अन् करून आणल्यावर धुतली का?"

"न्हाई बा! नवी चकाकी जाईल की. फडक्यानं पुसली तेवढी."

सटवाजींनी चरवी हातात घेतली. काठाच्या आतल्या वळणावरून बोट फिरवलं. बोटावर पांढरट भुकटी आली, तिच्यात बाटलीच्या तळाशी होते तसेच राखाडी कण. त्यांनी चरवीत पेटीतलं पाणी ओतलं, खळबळलं, ते तिसऱ्या नळीत घेतलं. थेंब टाकले. नळी विटकरी झाली, झाली ती इतकी झटकन की रांगेतल्या दोन पोरी घाबरून मागे सरकल्या.

"नवसागर!" वीरभद्र मोठ्याने म्हणाला. त्याला स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. कल्हईवाला भांडं तापवून त्यात नवसागर टाकतो, त्याशिवाय कथील धरत नाही. आणि नवसागर म्हणजे अमोनियाचंच मीठ. पुस्तकात त्याने हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्याच्या आईच्या सैपाकघरात दर साली कल्हई होत आली होती. दोन्ही गोष्टी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, एवढंच.

सटवाजींनी रांगेला समजेल असं सांगितलं: हे औषध अमोनिया हुडकतं, मैल्यात तो असतो, तसाच कल्हईच्या नवसागरात असतो, औषधाला दोन्हींतला फरक कळत नाही, तो माणसाने कळून घ्यायचा. हिरीच्या पाण्यात काल काही नव्हतं, आजही नाही.

सरजाबाईचा चेहरा उतरला. "म्हंजे माझ्यापायी गावाची हीर बंद पडली असती?"

"आमच्या टेबलावर लई पाणी येतं ताई," सटवाजी म्हणाले. "शिशीतनं येतं, तेलाच्या डब्यातनं येतं. इतक्या इज्जतीनं आलेलं पहिलंच."

तेव्हा गुणाबाई रांगेतून बोलली. "सरजाक्का, पुढच्या बारीला आमचा जर्मनचा गडू न्या सरकारला. त्याला मेल्याला कल्हई चढतच न्हाई!"

आधी सरजाबाईच हसली, मग सगळी रांग. रामकिशन हसला नाही. पण नळ्या अजून त्याच्याच हातात होत्या, आणि त्या सटवाजींच्या हातात परत देताना "बघा, फुटतील, संभाळून" एवढं तो म्हणाला. ग्यानोबाने दोर खाली सोडला. गुणाबाईने हंडा पुढे केला.

वीरभद्रने सटवाजींच्या खिशातला आदल्या दिवशीचा कागद मागून घेतला आणि फाडला. नवा अहवाल त्याने तिथेच कठड्यावर बसून हाताने लिहिला. जंतूंची तपासणी वेगळी. ती आठवड्याने झाली, तिच्यातही धरण्यासारखं काही निघालं नाही. तरी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायचं प्रमाण त्याने लिहून दिलं. आणि ऑफिसात परतल्यावर एक सूचना काढली, की नमुना घेताना बाटली थेट विहिरीत सोडावी, कोणतेही भांडे वापरू नये. ती सूचना कुणाला सुचली हे तिच्यावर लिहिता आलं असतं. त्याने लिहिलं नाही. त्याबद्दल त्याला पुढे बरीच वर्षं वाईट वाटलं.

परतीच्या बसमध्ये सटवाजींच्या मांडीवर पेटी, आणि पेटीवर एक बूच घट्ट लावलेली बाटली. तिन्ही नळ्यांतलं वापरलेलं पाणी त्यांनी तिच्यात परत घेतलं होतं. दुसऱ्याच्या मळ्यात पारा सांडून यायचा नाही, म्हणाले. वीरभद्रला बरंच विचारायचं होतं. कागद खिशात घालताना भीती वाटली नाही का? नोकरीचा विचार आला नाही का? रामकिशन बोलला तेव्हा मनात काय आलं? त्याने विचारलं ते एवढंच: "मामा, भूक लागली का?" त्या दिवसापासून तो त्यांना मामा म्हणायला लागला. सटवाजींनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण पुढे ते त्याला कधी कधी साहेब म्हणायचं विसरत.

त्या साली पाऊस बेताचाच झाला. तरी झाला. माघात वीरभद्रची सोलापूरला बदली झाली. निघायच्या दिवशी सटवाजीही त्याच बसमध्ये होते. निंबवाडीच्या विहिरीची सहामाही तपासणी होती. विहिरीवर दोन्ही दोर अजून होते. आता गावच्या सार्वजनिक विहिरीला पाणी आलं होतं, तरी वस्तीच्या बायांनी ग्यानोबाच्या मळ्याची वाट सोडली नव्हती आणि कुणी सोडायला सांगितलंही नव्हतं. सरजाबाईने निरोप धाडला होता, की पाणीवाल्या मामांनी येताना जेवून येऊ नये. हे सटवाजींनी औसा येईपर्यंत दोनदा सांगितलं, जणू पहिल्यांदा सांगितल्याचं त्यांना आठवतच नव्हतं.

त्यानंतर दोघांची भेट झाली नाही. का झाली नाही, याला सांगण्यासारखं कारण नाही. नोकऱ्या असतात, संसार असतात, पत्र उद्या लिहू म्हणून राहून जातं. सटवाजी गेल्याचं वीरभद्रला कळलं तेही दोन वर्षांनी, लातूरहून आलेल्या एका कारकुनाकडून.

त्या शेवटच्या दिवशी निंबवाडीच्या फाट्यावर बस थांबली. सटवाजी पेटी घेऊन उतरले, आणि उतरल्यावर वीरभद्रच्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. काही बोलावं असं दोघांनाही वाटत होतं बहुतेक. कंडक्टरने घंटी मारली.

"उन्हात लई थांबू नका, मामा," वीरभद्र म्हणाला.

"न्हाई थांबत. साडेतीनची गाडी हाय मला."